निरगुडीतली खिंड

आमचे शेजारी आण्णा मगदूम रोज संध्याकाळी डासांची समजूत घालतात. मारत नाहीत, हाकलतही नाहीत, जायला सांगतात. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारा. जेवण झालं की ते एका पोचे आलेल्या घमेल्यात निखारे घेतात, वर निरगुडीचा पाला टाकतात आणि ते धुमसतं घमेलं दोन्ही हातांनी धरून घरभर हिंडतात. पलंगाखाली वाकतात, कपाटामागे डोकावतात आणि अगदी शांत आवाजात म्हणतात, "चला, उठा. पलीकडं जावा आता. हितं काय न्हाय तुमचं."

पलीकडं म्हणजे आमच्याकडे. हे आम्हाला इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात अंगावरच्या गांध्यांवरून कळलं.

आम्ही मूळचे शिवाजी पेठेतले. तिथे भिंतीला भिंत. शेजारच्यांनी फोडणी दिली की शिंका आम्हाला यायच्या, आणि गल्लीच्या टीमने फुटबॉलची मॅच मारली की गुलाल आमच्या वाळवणावर पडायचा. पुढे जागा पुरेना, म्हणून कळंब्याच्या बाजूला, काल-परवापर्यंत ऊस उभा होता त्या रानात प्लॉट घेऊन घर बांधलं. माझे मिस्टर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला जातात, मी एका कॉलेजच्या ऑफिसात असते. दिवसभर घरी फक्त माझ्या सासूबाई. सगळी पेठ त्यांना आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणते. पेठेतल्या जुन्या बायकांसारख्या आक्काही 'मी जातो, मी बघतो' असंच बोलतात, आणि बोलतात तशाच वागतात. पेठेत त्या कुणाच्या बापाला भ्यायल्या नाहीत. इथे मात्र दिवेलागण झाली की त्यांचा आवाज खाली यायला लागला.

कारण होतं आण्णांचं कुंपण.

आण्णांच्या घराला पुढे लोखंडी फाटक, बाकी सगळीकडून निरगुडी. निरगुडी तुम्ही पाहिलेली असणार, नाव माहीत नसेल इतकंच. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर आपली आपण वाढत असते. एका देठाला बहुतेक पाच पानं, बोटं पसरल्यासारखी. वरून हिरवी, खालून पांढुरकी. फुलांचे निळसर जांभळे बारीक तुरे. वास इतका उग्र की शेळी तोंड लावत नाही, म्हणूनच कुंपणाला बरी. दिवसा हे कुंपण गरीब दिसतं. संध्याकाळी मात्र जरा झुळूक आली की पानं उलटी होतात आणि डोक्याएवढ्या उंचीचं ते सगळं हिरवं या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं होत जातं. नवीन माणसाला ते पाहवत नाही. आक्का म्हणायच्या, बघ, कसं हात करून बोलावतंय. मी म्हणायची, वारा आहे. मग आक्का आमच्या दारातला पेरू दाखवायच्या. त्याचं पानही हललेलं नसायचं. यावर मी आत जाऊन कुकर लावायची.

आण्णा मूळचे हातकणंगल्याजवळच्या एका गावचे. शेती भाऊ बघतो, आण्णा एका फौंड्रीत स्टोअरकीपर होते. अंगाने काडी, पांढरा लेंगा, पांढरी टोपी, आणि कपड्यांना निरगुडीचा वास इतका मुरलेला की ते फाटकाशी आले की आम्हाला मागच्या खोलीत कळतं. नोकरी सुटली पण स्टोअरची भाषा सुटली नाही. पाहुणे आले की इनवर्ड, गेले की आउटवर्ड. धूर फिरवून झाला की हात झटकून म्हणायचे, "झालं आउटवर्ड." त्यांच्याकडे जगातल्या यच्चयावत कटकटींवर एकच सिद्धांत होता, "मारायचं न्हाय, जा म्हणायचं." डास, ढेकूण, गव्हातले किडे, सर्दी, सांधेदुखी, विमा एजंट, सगळे या एका सिद्धांतात बसत. आणि जा म्हणायचं म्हणजे निरगुडीकडून म्हणवून घ्यायचं.

गव्हाच्या डब्यात निरगुडीचा सुकलेला पाला घातला की किडा मरत नाही, तो बदली मागून घेतो, असं ते म्हणत. गुडघा दुखला तर पाला तव्यावर गरम करून बांधायचा. डोकं जड झालं तर उशीतला कापूस काढून पाला भरायचा. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात पाला उकळायचा, म्हणजे अंग मोकळं होतं. माझ्या मिस्टरांची मान एकदा शिफ्टवर आखडली, तेव्हा आण्णांनी त्यांना पाल्याच्या उकळत्या पातेल्यासमोर बसवून वरून घोंगडं घातलं. मान सुटली हे मान्य केलं पाहिजे. पण पुढे बरेच दिवस कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर कुणी बसेना.

झाडाचा पाला घ्यायचा तर आण्णा आदल्या संध्याकाळी त्याला आमंत्रण द्यायचे. ही त्यांच्या गावाकडची जुनी रीत. झाडाच्या बुडात अक्षता आणि सुपारी ठेवायची, हात जोडायचे आणि सांगायचं, उद्या सकाळी न्यायला येतो, यायचं बरं का. सकाळी उठल्यापासून कुणाशी चकार शब्द न बोलता जाऊन पाला घ्यायचा. मी नवीन असताना एका सकाळी त्यांना हाक मारून चहा झाला का विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि निघून गेले. मी दोन दिवस फुगून होते. मग त्यांनीच येऊन सांगितलं, की वैनी, त्या टायमाला मी झाडाचा पाहुणा होतो.

आक्कांना त्यांनी लागवडही शिकवली. तेव्हा आक्का अजून त्यांच्याशी धड बोलत होत्या, आणि दोघांचं कुंपणापाशी उभं राहून चाललेलं ते शिक्षण मी खिडकीतून ऐकलंय. मृगाने जमीन भिजवली की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, जून काडी घ्यायची. खालचा काप तिरका, वरचा सरळ, म्हणजे लावताना डोकं कुठलं आणि पाय कुठले ते चुकत नाही. कोंबाचे डोळे वर बघत असले पाहिजेत. निम्मी काडी मातीत, वरच्या टोकाला शेणाचा गोळा, बुडात पाणी साचू द्यायचं नाही. पालवी आली म्हणून लगेच नाचायचं नाही, कारण पहिली पालवी काडी आपल्या अंगातल्या शिदोरीवर काढते. दुसरी पालवी आली की समजायचं, मुळं धरली. "तवर ती काडी," आण्णा म्हणाले होते, "मुळं धरली की झाड. मग त्याला हात लावायचा न्हाय."

आक्कांनी हे सगळं नीट लक्षात ठेवलं, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

त्या गच्च कुंपणात एकच मोकळी जागा होती. आक्का तिला खिंड म्हणायच्या. आमच्या बाजूला, बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या पायरीसमोर, एक माणूस जाईल एवढी. ती कशासाठी ठेवलीय ते कळत नव्हतं. आण्णा स्वतः कधी तिच्यातून आले नाहीत. आमच्याकडे ताकाचं गाडगं द्यायचं असलं तरी फाटकातून बाहेर पडून, रस्त्याने वळसा घालून यायचे. पण रोज ती खिंड झाडून घ्यायचे, आणि दोन्हीकडून आत घुसणाऱ्या फांद्या छाटायचे.

आणि धूर फिरवून झाला, हात झटकून झाले, की घमेलं लांब परसात नेऊन ठेवायचे. धूर बसेपर्यंत थांबायचे. मग रिकाम्या हाताने खिंडीपाशी येऊन आमच्या पायरीकडे बघत हलक्या आवाजात म्हणायचे, "ये आता. निवलं."

जरा वेळ थांबायचे. अरुंद दारातून कुणी येत असलं की आपण अंग चोरतो, तसे किंचित तिरके व्हायचे. आणि आत निघून जायचे, दार लोटून न घेता.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात कुकरचं झाकण होतं. ते खाली पडलं नाही हे नशीब. वाटलं, मलाच बोलावतायत की काय. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. पायरीजवळ आक्कांची प्लॅस्टिकची खुर्ची असते, तिथे, जमिनीपासून हातभर वर कुठेतरी ते बघत होते. आक्का त्या वेळी खुर्चीत बसलेल्या होत्या. त्या आत आल्या, दाराला कडी घातली आणि पदराने मान पुसत म्हणाल्या, की या माणसाने काहीतरी पाळलंय.

आक्कांचा हिशेब सरळ होता. निरगुडीच्या धुराने डासच नाही तर भूतबाधाही घराबाहेर जाते, हे त्यांच्या माहेरी सगळे मानायचे. म्हणजे आण्णा रोज घरातलं सगळं बरं-वाईट बाहेर काढतात, ते खिंडीतून आमच्या दारात येतं, आणि मग त्यातलं एक ते हाक मारून परत घेतात. उरलेली कुठे जातात? आक्का विचारायच्या आणि आमच्या माळ्याकडे बघायच्या.

आडून आडून विचारणं हा आक्कांचा स्वभाव नाही. त्यांनी आण्णांना भर रस्त्यात गाठून, रोज कुणाला बोलावता म्हणून विचारलं. एरवी काडीच्या तिरक्या कापावर अर्धा तास बोलणारे आण्णा म्हणाले, "कुणाला न्हाय. सवय हाय." आणि चप्पल नीट पायात न घालताच निघून गेले. आक्कांची खात्री पटली.

मग त्यांना खोकला ऐकू यायला लागला. रोज दिवेलागणीला, आण्णांची हाक यायच्या आधी, खिंडीपाशी. बाईमाणसाचा खोकला, पदर तोंडाला लावून दाबल्यासारखा. मी म्हटलं, रानात मेंढरं बसत असतील, मेंढरू अगदी माणसासारखं खोकतं. आक्का म्हणाल्या, भर पावसात मेंढरं कुठली? खरं होतं, पावसाळ्यात धनगर इकडे नसतातच. मी मिस्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले आईला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

न्यायलाही हरकत नव्हती, पण तोवर मीच एक पाहिलं. संध्याकाळ होती, पाऊस थांबलेला, वारा अजिबात नाही. आण्णा आत धूर फिरवत होते. आणि त्यांच्या मागच्या दारापासून कुंपणाची पानं उलटी व्हायला लागली. सगळी नाही. छातीएवढ्या उंचीवर एकच ओळ, एकामागून एक पांढरी होत खिंडीकडे येत होती. चालताना कुणी सहज हात फिरवत जावं, तशी. खिंडीपाशी येऊन थांबली. मांजर असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि हे कुणालाही सांगितलं नाही.

याच पावसाळ्यात आण्णांची मुलगी बेळगावला बाळंत झाली. आण्णा आजोबा झाल्याच्या आनंदात निरगुडीच्या पाल्याचं पोतं घेऊन निघाले. बाळंतिणीच्या आंघोळीला पाला बेळगावातही मिळतो, असं मी म्हटलं, तर म्हणाले, तिथल्या झाडांची आपली ओळख नाही. निघायच्या आधी वळसा घालून आमच्याकडे किल्ली द्यायला आले. किल्ली दिली तरी जाईनात. टोपी काढली, पुन्हा घातली.

"वैनी, दिवं लागलं की त्या खिंडीकडं जरा बघत जावा."

काय बघायचं, मी विचारलं.

"बघायचं काय न्हाय. नुसतं बघायचं."

महिना उलटून गेला तरी आण्णा परतले नाहीत. मी जमेल तसं खिंडीकडे बघत होते. एका सकाळी आक्का माझ्याशी बोलेनात. मला वाटलं आदल्या दिवशीच्या आमटीवरून काही बिनसलं. दुपारनंतर बोलायला लागल्या, तेव्हा मी विषय सोडून दिला. पुढे काही दिवसांनी कपडे वाळत घालताना माझं लक्ष गेलं. खिंडीच्या बरोबर मधोमध एक काडी उभी होती. निम्मी मातीत रोवलेली, डोक्यावर शेणाचा गोळा, आणि अंगावर इवली पालवी.

आक्कांनी आण्णांच्याच कुंपणातल्या झाडाला आदल्या संध्याकाळी अक्षता-सुपारी देऊन रीतसर आमंत्रण दिलं होतं, आणि सकाळी मुकाट्याने जाऊन काडी आणून लावली होती. लागवड निर्दोष होती. वीतभर काडीने कुठे खिंड बुजते का, असं मी म्हटलं, तर आक्कांचं म्हणणं पडलं की माणसाला नाही बुजत, पण त्याला निरगुडीची काडीसुद्धा ओलांडवत नाही. वर म्हणाल्या, आण्णांनाही बरंच वाटेल, कुंपण सलग झालं.

झालं असं, की खोकला थांबला नाही. तो अलीकडे आला.

आधी तो खिंडीपाशी यायचा. आता आमच्या पायरीपाशी यायला लागला. आक्कांनी खुर्ची घरात घेतली. माझा अजूनही विश्वास नव्हता, किंवा नसल्यासारखं मी दाखवत होते. एका संध्याकाळी मी ओट्यापाशी चहा गाळत होते. दाराबाहेर, अगदी उंबऱ्याशी, कोरडा खोकला आला. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "आक्का, पाणी देऊ का?"

"मी हितं हाय," आक्का पुढच्या सोप्यातून म्हणाल्या.

मी चहा तसाच सोडून सोप्यात गेले. आम्ही दोघी टीव्हीचा आवाज मोठा करून बसलो. बऱ्याच वेळाने आक्का म्हणाल्या, "मी येडी. त्याला जायाची वाट बंद केली. आता ते आपल्याकडंच ऱ्हायलं."

मग काढून टाका ती काडी, मी म्हटलं. पण आक्कांना आता तिथपर्यंत जायचा धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आण्णा आले ते संध्याकाळीच. खांद्याला पिशवी, हातात कुंद्याचा डबा. घर उघडायच्या आधी ते बाजूने तडक खिंडीकडे गेले आणि उभेच राहिले. काडीवर दुसरी पालवी आली होती. त्यांनी खाली बसून एक पान उलटं करून पाहिलं, बुडाची माती बोटाने दाबली. आम्ही दोघी पायरीवर आलो. आक्कांनी, मीच लावली, म्हणून सांगून टाकलं. लपवाछपवी त्यांना येत नाही.

"चांगली लावलीसा," आण्णा म्हणाले. "डोळं बरोबर ठेवलासा."

एवढंच बोलून कुंद्याचा डबा माझ्या हातात दिला, किल्ली घेतली आणि आत गेले. त्या संध्याकाळी त्यांच्या घरातून धूर निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढेही नाही. कॉलनीत डासांचा सुळसुळाट झाला. पलीकडच्या गल्लीतले लोक मला विचारायला लागले, की तुमच्या आण्णांचं आउटवर्ड बंद का. आण्णा दिवसभर दार लावून बसायचे. दिवे लागले की खिंडीपाशी यायचे, त्या कोवळ्या रोपापुढे उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि काही न बोलता परत जायचे. ते बघून मला भीती वाटेनाशी झाली आणि वाईट वाटायला लागलं. शेवटी एका रविवारी आक्कांच्या गुडघ्याला पाला हवा, असं निमित्त काढून मी फाटकातून त्यांच्याकडे गेले.

घरात निरगुडीचा वास जवळपास गेला होता. आण्णांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

त्यांच्या बायकोचं नाव पद्मा. आम्ही घर बांधायच्या आधीच त्या गेल्या. ओढ्याकाठची पहिली काडी गावाहून त्यांनीच आणली, कुंपण दोघांनी मिळून लावलं. पण पद्माबाईंना दमा होता.

"धूर सोसायचा न्हाय तिला," आण्णा म्हणाले. "आणि डास बी सोसायचं न्हाईत. मग मी धूर फिरवायचो आणि ती भाईर जाऊन बसायची. तिला जायला म्हणून ती खिंड. तुमची पायरी हाय न्हवं, तितं तवा एक मोठा दगड हुता. खोकत खोकत जायाची, त्या दगडावर बसायची. धूर बसला की मी हाक मारायचो, ये आता, निवलं. मग यायची. हाक मारल्याबिगर न्हाय यायची. मला म्हणायची, तुमचा काय भरवसा, अजून धूर असंल."

ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवायला गेले, पण उभे होते, म्हणून ती हातातच राहिली.

"एकदा धूर फिरवला आणि भावाचा फोन आला. रानाचं कायतरी हुतं. बोलत बसलो. हाक मारायची ऱ्हायली. अंधार पडला तवा आठवलं. गेलो तर दगडावर बसलेलीच हुती, मान टाकून. वाट बघत बसली असणार."

मी म्हटलं, आम्हाला आधी सांगायचं होतं.

"कसं सांगू? तुमी हौसंनं घर बांधलासा. पायरी नेमकी तितंच आली. नव्या घरातल्या माणसांना असलं सांगू व्हय?" मग म्हणाले, "वैनी, मी समद्यांना जा म्हणतो. एक तिलाच ये म्हणायचं ऱ्हायलंय."

रोप काढून टाका, मी म्हटलं, आक्का काही मनाला लावून घेणार नाहीत. आण्णांनी मान हलवली. दुसरी पालवी आली, मुळं धरली, आता ती काडी नाही, झाड आहे. चूक झाडाची नाही. एवढं बोलून ते माझ्यासाठी पाला काढायला निघाले, आणि मग आदल्या दिवशी आमंत्रण दिलेलं नाही हे आठवून परत थांबले. मी रिकाम्या हाताने घरी आले.

आक्कांना सगळं सांगितलं. दमा हा शब्द आला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. खोकल्याबद्दल आम्ही आण्णांना कधीच काही सांगितलं नव्हतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग आक्का रडल्या. त्या माणसाच्या वाटेत आपणच काडी घातली, असं काहीतरी पुटपुटत होत्या. मीही रडले. दाराबाहेर पाऊस पडत होता आणि पायरी ओली होत होती, आणि मला त्या पायरीची पहिल्यांदाच भीती वाटली नाही.

रडून झाल्यावर आक्का उठल्या आणि देव्हाऱ्यातून अक्षता घेतल्या.

"मारायचं न्हाय ना? मग मी त्या झाडाला ये म्हणतो," त्या म्हणाल्या. "आपल्या दारात."

संध्याकाळी, इतके दिवस जिथे जायचा धीर नव्हता तिथे जाऊन, आक्कांनी त्या हातभर रोपाच्या बुडात अक्षता आणि सुपारी ठेवली. आण्णा पलीकडे उभे होते. आक्कांनी रोपाला सांगितलं, की उद्या सकाळी न्यायला येतो, आमच्या फाटकापाशी चांगली जागा आहे, ऊन आहे, पाणी साचत नाही, यायचं. आण्णांनी सगळं ऐकलं, आणि फक्त एवढंच म्हणाले, की मातीचा गोळा फुटता कामा नये.

सकाळी आमच्या घरात कुणी बोललं नाही. मिस्टर रात्रपाळी करून आले, त्यांनी चहा मागितला, तर आक्कांनी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि खुरपं घेऊन बाहेर गेल्या. आण्णा पलीकडून आले. तेही आदल्या संध्याकाळपासून झाडाचे पाहुणे. दोघांनी दोन बाजूंनी लांबून गोल उकरत आणलं. मातीचा गोळा सुटला तेव्हा आण्णांनी तो खालून दोन्ही हातांनी धरला, रोज घमेलं धरतात तसा. आक्का पुढे, आण्णा मागे, अशी ती मुकी वरात आमच्या घराला वळसा घालून फाटकापाशी आली. दूधवाला सायकलवरून उतरून टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं कुणी गेलंय. त्याला सांगायचं तरी कसं, तोंड उघडायची सोय नव्हती.

रोप लागलं, मातीने दाबलं, पाणी घातलं. मग आण्णांनी हात झटकले आणि घसा खाकरून म्हणाले, "इनवर्ड."

त्या दिवशी दिवस मावळायच्या बेताला पलीकडून निरगुडीचा धूर यायला लागला. खोलीखोलीतून आवाज येत होता, चला, उठा, पलीकडं जावा. डास आले. आम्ही येऊ दिले. आक्कांनी खुर्ची पुन्हा पायरीपाशी नेऊन ठेवली होती, आणि तिच्यात बसून त्या खिंडीकडे बघत होत्या. मी दारात उभी होते. वारा नव्हता.

आण्णा खिंडीपाशी आले. बरेच दिवस न वापरलेला आवाज नीट लागला नाही, म्हणून त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

"ये आता. निवलं."

आक्का खुर्चीतून उठल्या. खुर्ची उचलून भिंतीकडेला ठेवली, पायरी मोकळी केली आणि पदर सावरून कडेला झाल्या.

"जा बाई," त्या हळूच म्हणाल्या. "बोलवाय लागल्यात."

पलीकडे आण्णा अंग चोरून किंचित तिरके झाले.